हात वर, ठराव मंजूर

३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयात जळगावच्या घरकुल खटल्याचा निकाल लागला आणि ४८ जण दोषी ठरले. माजी मंत्री सुरेश जैन यांना सात वर्षांची कैद आणि १०० कोटींचा दंड, दुसरे माजी मंत्री गुलाबराव देवकर यांना पाच वर्षांची कैद, बांधकाम करणाऱ्या खान्देश बिल्डर्सच्या भागीदारांना कैद आणि जबर दंड, अशी शिक्षा सुनावली गेली. साहजिकच दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत मोठ्या नावांना मोठी जागा मिळाली. पण शहराचा पैसा कसा मंजूर होतो हे ज्याला समजून घ्यायचे आहे, त्याने त्या यादीतल्या मागच्या रांगेकडे पाहिले पाहिजे. तिथे एकेकाळचे साधे नगरसेवक होते. त्यांच्यावरचा ठपका प्रामुख्याने सभागृहातल्या ठरावांशी आणि त्यावरच्या सह्यांशी जोडलेला होता. दोषी ठरलेल्यांनी उच्च न्यायालयात अपील केले, जैन यांना पुढे २०२२ मध्ये जामीनही मिळाला, म्हणजे न्यायाचा शेवटचा शब्द अजून बाकी आहे. पण अपिलांचे काहीही होवो, एक गोष्ट या खटल्याने कायमची दाखवून दिली. जळगावात मंजुरीची कमतरता कधीच नव्हती. जे बिघडले ते सभागृहाच्या मान्यतेने, इतिवृत्तात नोंद होऊन, सूचक-अनुमोदकांच्या नावांसह बिघडले. म्हणून महापालिकेच्या खर्चावर बोलताना आपण ‘मंजुरी कोणी द्यायची’ याच प्रश्नाभोवती जे घुटमळत राहतो, ते मला चुकीचे वाटते. मंजुरीपूर्वी सभासदासमोर काय ठेवले जाते आणि मंजुरीनंतर त्या कामाच्या मागे कोण जाते, हे दोन प्रश्न खरे आहेत. जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांचा गेल्या पंचवीस-तीस वर्षांचा अनुभव मला तरी हेच सांगतो.

घरकुलाची हकिगत थोडी सविस्तर पाहू. जळगावात तेव्हा महापालिका नव्हती, नगरपालिका होती. झोपडपट्टीतल्या कुटुंबांना पक्की घरे देण्याची योजना १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात आखली गेली. उद्दिष्ट ११ हजारांहून अधिक घरांचे, अपेक्षित खर्च सुमारे ११० कोटींचा. हेतूबद्दल कोणाचा वाद असण्याचे कारण नव्हते आणि हेतू असा निर्विवाद असला की सभागृहात प्रश्न विचारणाऱ्याचीच पंचाईत होते. गरिबांच्या घरांना विरोध करणारा नगरसेवक वॉर्डात तोंड कसे दाखवणार? काम एकाच मक्तेदाराला गेले. त्याला बिनव्याजी आगाऊ रक्कम देण्यात आली. जागेचे आणि परवानग्यांचे प्रश्न सुटण्याआधीच कामाचे आणि पैशांचे ठराव पुढे सरकले. प्रत्यक्षात पूर्ण झालेल्या घरांचा आकडा दीड हजाराच्या आसपास राहिला, म्हणजे उद्दिष्टाच्या जेमतेम तेरा-चौदा टक्के. फेब्रुवारी २००६ मध्ये तत्कालीन आयुक्त प्रवीण गेडाम यांनी पोलिसांत फिर्याद दिली, ती सुमारे २९ कोटींच्या अपहाराची. मग सहा वर्षे फारसे काही हलले नाही. मार्च २०१२ मध्ये जैन यांना अटक झाली आणि निकाल लागायला आणखी सात वर्षे गेली. या सगळ्या कालरेषेत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो पहिला टप्पा, ठराव आणि फिर्याद यांच्यामधला. त्या काळात घरे होत नव्हती हे पिंप्राळ्याच्या रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही दिसत होते. लेखापरीक्षण, जिल्हाधिकाऱ्यांची देखरेख, दरवर्षीचे अंदाजपत्रक, सर्वसाधारण सभा, सगळे कागदावर होते. आगाऊ रकमेच्या बदल्यात किती विटा लागल्या, हा हिशेब मागण्याचे काम मात्र यांपैकी कोणाचेच नव्हते, किंवा असले तरी ते न केल्याने कोणाचे काही बिघडत नव्हते.

कायद्याची रचना कागदावर वाईट नाही. २१ मार्च २००३ रोजी जळगाव आणि त्याच वर्षी जूनअखेर धुळे महापालिका झाली आणि दोन्ही शहरे १९४९च्या महानगरपालिका अधिनियमाखाली आली. या कायद्याने अधिकार तीन ठिकाणी वाटले आहेत: महासभा, स्थायी समिती आणि आयुक्त. आयुक्त अंदाजपत्रक तयार करून स्थायी समितीपुढे ठेवतात, समिती त्यात फेरफार करते, महासभा ते अंतिम करते. करार करण्याचा अधिकार आयुक्तांचा. पण कायद्याने ठरवून दिलेल्या रकमेच्या वरचा करार असेल तर कलम ७३ प्रमाणे स्थायी समितीची पूर्वमान्यता हवी. म्हणून जळगावच्या ७५ आणि धुळ्याच्या ७४ नगरसेवकांमध्ये खरा वजनदार गट स्थायीतल्या सोळा जणांचा. त्यातले निम्मे दरवर्षी निवृत्त होतात, आणि त्या आठ जागांसाठी पक्षांत जी रस्सीखेच चालते तिची तुलना महापौरपदाच्या निवडणुकीशीच होऊ शकेल. समितीला लेखापरीक्षकाचा अहवाल मागवता येतो, आयुक्तांकडून कागद मागवता येतात. सभासदाचा किंवा त्याच्या भागीदाराचा महापालिकेच्या मक्त्यात हितसंबंध असेल तर कलम १० नुसार त्याचे पद जाऊ शकते. शहरहिताविरुद्ध ठराव झाला तर राज्य सरकार कलम ४५१ खाली तो निलंबित किंवा विखंडित करू शकते. एवढी कुलुपे लावूनही तिजोरी उघडी राहते, कारण सगळी कुलुपे एकाच दाराला आहेत, मंजुरीच्या. पैसा बाहेर जातो तो बिलाच्या दाराने.

मंजुरीच्या क्षणी सभासदाच्या हातात काय असते तेही पाहण्याजोगे आहे. विषयपत्रिकेवरचा नमुनेदार विषय असा असतो: ‘अमुक प्रभागातील अमुक कामाकरिता प्राप्त न्यूनतम दराच्या निविदेस मान्यता देणेबाबत प्रशासनाकडील प्रस्तावावर विचारविनिमय करणे.’ सोबत पानभराचा गोषवारा. त्यात अंदाजित रक्कम, आलेल्या निविदांची संख्या, सर्वांत कमी दर किती टक्के वर किंवा खाली, वाटाघाटीनंतर किती कमी झाला, आणि शेवटी ‘तरी मान्यता मिळण्यास विनंती’. अटी-शर्तींची जाडजूड फाइल विभागात असते, मागितली तर बघायला मिळते, बहुतेकदा कोणी मागत नाही. दंडाची तरतूद काय, काम अर्धवट राहिले तर अनामत जप्त करण्याचा अधिकार कोणाचा, मुदतवाढ किती वेळा आणि कोणी द्यायची, आगाऊ रक्कम कशाच्या तारणावर, ही सगळी माहिती त्या फाइलीत असते आणि चर्चा होते ती गोषवाऱ्यावर. त्यात भर म्हणजे आयत्या वेळचे विषय. तातडीच्या कामासाठी कायद्यात अपवाद म्हणून ठेवलेली ही वाट वहिवाटीची झाली की सभासदाला वाचायलाही वेळ उरत नाही. ‘मंजूर, मंजूर’ असा गजर होतो, अर्ध्या तासात वीस-पंचवीस विषय निकाली निघतात, आणि कोणत्या विषयावर कोण काय बोलले हे इतिवृत्त हाती आल्यावर कळते. तेही कधीकधी बोलल्याप्रमाणे नसते, ही तक्रार तर राज्यातल्या प्रत्येक सभागृहात एकदा तरी उठलेली आहे.

निविदेशिवाय काम देण्याच्या वाटाही कायद्यानेच ठेवल्या आहेत. आपत्ती आली, जलवाहिनी फुटली, साथ पसरली तर निविदेची मुदत संपेपर्यंत थांबता येत नाही, म्हणून आयुक्तांना कलम ६७ (३) (क) चा अधिकार आहे, आणि कारणे नोंदवून निविदा टाळण्याची सोय अनुसूचीतल्या प्रकरण ५ मधल्या नियम २(२) मध्ये आहे. पालिकेच्या भाषेत ‘पाच-दोन-दोनचे काम’. तरतूद आवश्यक आहे, यात शंका नाही. पण उन्हाळ्यात टँकर लागणार आणि पावसाळ्याआधी नाले साफ करावे लागणार, हे ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, तिथे मे महिन्यातली नालेसफाई ‘तातडीची’ कशी होते? तातडी हवामानामुळे येत नाही, फाइल उशिरा हलल्यामुळे येते. आणि फाइल उशिरा का हलली, याची चौकशी सहसा कोणी करत नाही.

आता कर्जाकडे वळू, कारण एका पिढीने हात वर करायचे आणि दुसऱ्या पिढीने हप्ते भरायचे, असा प्रकार कर्जाइतका स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही. जळगाव नगरपालिकेने घरकुलासह वेगवेगळ्या योजनांसाठी १९८९ ते २००१ या काळात हुडको या केंद्राच्या गृहनिर्माण वित्तसंस्थेकडून सुमारे १४१ कोटींचे कर्ज घेतले. जिल्हा बँकेचे कर्ज वेगळे. हप्ते थकले, व्याज चढत गेले, प्रकरण कर्जवसुली न्यायाधिकरणात गेले, आणि महापालिकेची बँक खाती गोठवली जाण्यापर्यंत वेळ आली. कितीतरी वर्षे हुडकोच्या हप्त्यापोटी दरमहा तीन कोटी रुपये जात राहिले. अखेर २०१९ मध्ये राज्य सरकारच्या मदतीने २५३ कोटींत एकरकमी तडजोड झाली. आधी भरलेले हप्ते त्याहून निराळे. त्या काळात शहरात खड्डा का बुजत नाही, पथदिवा का लागत नाही, याचे उत्तर ‘पैसे नाहीत’ असेच होते आणि ते खोटे नव्हते. ज्यांनी कर्जाचे ठराव केले त्यांची मुदत पाच वर्षांची होती, कर्जाची मुदत त्याच्या कित्येक पट. कर्जाच्या ठरावासोबत परतफेडीचे वर्षवार कोष्टक, ती रक्कम कोणत्या करातून येणार याचा तपशील आणि योजना फसली तर काय, याचे एक पान जोडणे सक्तीचे असते, तर निदान दोन-चार सभासदांनी तरी हात वर करण्याआधी विचार केला असता.

उत्पन्नाच्या बाजूलाही तीच गत. पालिकेच्या मालकीच्या व्यापारी संकुलांतल्या, फुले मार्केटसारख्या मोक्याच्या बाजारपेठेतल्या दोन हजारांहून अधिक गाळ्यांचे करार २०१२ मध्ये संपले. पुढे काय करायचे यावर महासभेत ठराव झाले, त्यांवर वाद झाले, शासनाकडे दाद मागितली गेली, न्यायालयात प्रकरणे गेली, आणि एक दशक उलटले तरी प्रश्न निवडणुकीच्या जाहीर सभांतून गाजतच राहिला. गाळेधारकांची बाजू पूर्णपणे चुकीची होती असे नाही. थकबाकीचा आणि दंडाचा हिशेब छोट्या दुकानदाराचे कंबरडे मोडणारा होता. पण करार संपण्याची तारीख करार केला त्याच दिवशी ठरलेली होती. ती कोणालाच आठवू नये आणि मुदत संपल्यावर धावाधाव सुरू व्हावी, याला योगायोग म्हणता येणार नाही.

रस्ता किंवा इमारत एकदा बांधून होते. सफाई, कचरा संकलन, पाणीपुरवठ्याची देखभाल, पथदिवे या सेवांचे मक्ते मात्र रोज नव्याने पुरे करावे लागतात, आणि मंजुरीकेंद्री व्यवस्थेचे सगळ्यात मोठे अपयश तिथे दिसते. जळगावने २०१९ मध्ये घरोघरचा कचरा उचलण्याचा आणि सफाईचा सुमारे ७५ कोटींचा पाच वर्षांचा मक्ता नाशिकच्या एका कंपनीला दिला. सुरुवातीपासूनच त्यावरून वाद झाले. भागाकार करून पाहिला तर वर्षाला १५ कोटी, महिन्याला सव्वा कोटी, दिवसाला साधारण चार लाख. म्हणजे सभागृहाने एका बैठकीत एकदाच निर्णय घेतला आणि त्यानंतर पाच वर्षे रोज चार लाखांचा निर्णय कोणीतरी दुसराच घेत राहिला. कोण? प्रभागातला मुकादम, आरोग्य निरीक्षक, वजनकाट्यावरची पावती फाडणारा कर्मचारी आणि ती पावती बिलाला जोडणारा लिपिक. टनावर पैसे मोजले जातात तिथे गाडीत माती-दगड भरून वजन वाढवल्याच्या तक्रारी राज्यातल्या अनेक शहरांत झाल्या आहेत. माणसांच्या हजेरीवर पैसे मोजले जातात तिथे हजेरीपटावरची सगळी माणसे झाडू मारताना दिसत नाहीत. यातला एकही प्रकार स्थायी समितीच्या निविदा-चर्चेत पकडता येणारा नाही. दर दोन टक्के कमी करून घेतल्याचे समाधान मिळवून समिती मोकळी होते, आणि तेवढे दोन टक्के काट्यावर पहिल्याच आठवड्यात वसूल होऊ शकतात. धुळ्यातही कचरा संकलनाच्या मक्त्यावरून सभागृहात वेळोवेळी खडाजंगी झाली, मक्तेदार बदलले, पण मोजणीची रीत बदलावी म्हणून तेवढाच आवाज चढल्याचे दिसले नाही. मक्तेदार कोण, यावर राजकारण करता येते. पावत्यांच्या बाडातून ते साधत नाही.

इथे एक आक्षेप हमखास येतो: नगरसेवक काही अभियंता नाही, सनदी लेखापाल नाही, त्याने अटी-शर्ती वाचून काय दिवे लावायचे? आक्षेपात तथ्य आहे, पण थोडेच. वॉर्डात पाण्याचा टँकर किती वाजता आला, गटारीचे ढापे किती दिवसांत तुटले, ठेकेदाराची माणसे किती होती, हे अभियंत्याच्या आधी नगरसेवकाला कळते, कारण लोक त्याच्याच दारात येतात. त्याच्याकडे ज्ञान आहे ते कामानंतरचे, आणि त्याला अधिकार दिला आहे तो कामाआधीचा. अशी उलटी मांडणी करून मग त्याला अडाणी ठरवायचे, हे सोयीचे आहे. अमुक प्रभागातले बिल अदा करण्यापूर्वी त्या प्रभागाच्या समितीपुढे मोजमाप पुस्तिकेची प्रत ठेवायची, एवढी साधी अट घातली तरी हे ज्ञान उपयोगी पडेल. कोणी म्हणेल, मग तर नगरसेवक बिल अडवून टक्केवारी मागेल. मागेल, हे मान्य. पण आज जे काही मागितले जाते ते बंद खोलीत. प्रत जाहीर असेल, लोकांच्या हाती असेल, तर अडवणाऱ्याला कारण लेखी द्यावे लागेल, आणि लेखी कारण देणे ही आपल्या पालिकांतली सर्वांत दुर्मीळ गोष्ट आहे.

दुसरा आक्षेप अलीकडचा आणि जास्त वजनदार. जळगावची मुदत सप्टेंबर २०२३ मध्ये संपली, धुळ्याची त्याच वर्षी डिसेंबरअखेर. त्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळ दोन्ही शहरांत प्रशासक होते. अनेक सुशिक्षित नागरिक उघड म्हणत होते की हेच बरे: भांडणे नाहीत, कोरम नाही, फाइल अडत नाही. फाइल अडत नव्हती हे खरे. ती अडावी कशी? आयुक्त म्हणून प्रस्ताव मांडणारा, स्थायी समिती म्हणून त्यास मान्यता देणारा आणि महासभा म्हणून तो कायम करणारा अधिकारी एकच. एकाच टेबलावर एकाच पेनाने तीन सह्या. त्यात तो अधिकारी प्रामाणिक असेल तर काम वेगाने होते, नसेल तर त्याला विचारायला सभागृहच नाही. त्याची बदली झाली की त्याने केलेल्या पाच वर्षांच्या कराराचे उत्तर द्यायला नवा अधिकारी येतो, त्याने करार पाहिलेलाही नसतो. मुंबई महापालिकेचा दाखला इथे उपयोगी आहे. नोव्हेंबर २०१९ ते ऑक्टोबर २०२२ या काळातल्या सुमारे १२ हजार कोटींच्या कामांची ‘कॅग’ने विशेष तपासणी केली. त्यात काही काळ निवडून आलेले सभागृह होते, काही काळ प्रशासक. मार्च २०२३ मध्ये मांडलेल्या अहवालात २१४ कोटींची २० कामे निविदा न काढता दिल्याचे आणि पावणेपाच हजार कोटींच्या ६४ कामांत करारनामाच झाला नसल्याचे नमूद होते. देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेत करारनाम्याविना काम सुरू होते, तर सतरा मजली पालिका-इमारतीच्या जळगावला किंवा पांझराकाठच्या धुळ्याला वेगळे काय म्हणावे? लोकप्रतिनिधी असोत वा नसोत, मंजुरीनंतरची पोकळी तशीच राहते, हे या अहवालाने सिद्ध केले.

ई-निविदेने सगळे सुटले, असेही सांगितले जाते. ऑनलाइन निविदेमुळे अर्ज विकत न देण्याचे, पाकीट फाडण्याचे, कार्यालयाच्या दारात अडवण्याचे जुने प्रकार कमी झाले, हे निश्चित. पण संगणक तीन निविदा मोजतो, त्या तिघांचे लागेबांधे मोजत नाही. एकाच कंपनीला पात्र ठरवणारी अट निविदेत घालायची की नाही, हे माणूसच ठरवतो. शिवाय ई-निविदाही मंजुरीच्याच दारावरचे आणखी एक कुलूप आहे, बिलाशी तिचा काही संबंध नाही.

राज्याचा पैसा असेल तर राज्यानेच ठरवावे, हा तिसरा युक्तिवाद. आधी जकात गेली, मग स्थानिक संस्था कर आला आणि गेला, २०१७ नंतर वस्तू-सेवा कराच्या भरपाईवर महापालिका जगू लागल्या. मोठ्या योजना ‘अमृत’ किंवा नगरोत्थानच्या निधीतून येतात. २०१८ मध्ये जळगावात सत्तांतर झाले तेव्हा शहरासाठी १०० कोटींची घोषणा झाली. २०१९च्या अखेरीस मुंबईत सरकार बदलले आणि त्यातल्या ४२ कोटींच्या कामांना स्थगिती मिळाली. रस्ते जळगावचे, खड्डे जळगावचे, आणि कामे कधी सुरू व्हायची हे मंत्रालयातल्या बदललेल्या खुर्च्यांवर अवलंबून. ‘अमृत’ची पाणी योजना आणि भुयारी गटारीची कामे यांनी तर शहर वर्षानुवर्षे उकरून ठेवले. आधी जलवाहिनीसाठी खोदायचे, मग गटारीसाठी, मग रस्ता करायचा, आणि रस्ता झाल्यावर नळजोडणीसाठी पुन्हा खोदायचे. धुळ्यात देवपूर भागातल्या भूमिगत गटारीची कथा याहून वेगळी नाही. तिथे काम राबवणारी यंत्रणा महाराष्ट्र जीवन प्राधिकरण होती, लोकांच्या शिव्या महापालिकेने खाल्ल्या, आणि उखडलेला रस्ता दुरुस्त कोणी करायचा यावर पत्रव्यवहार चालू राहिला. राज्याने पैसा दिला म्हणून जबाबदारी राज्याची होत नाही, ती कोणाचीच राहत नाही. सभागृहाने ‘नाहरकत’ ठराव दिला की त्याचे काम संपले, आणि राबवणारी यंत्रणा सभागृहाला उत्तर द्यायला बांधील नाही. निधी वरून आला तरी कामाची मोजणी आणि प्रगतीचा मासिक अहवाल स्थानिक महासभेपुढे ठेवण्याची अट त्या निधीलाच जोडली पाहिजे. केंद्राने वित्त आयोगाच्या अनुदानासाठी निवडून आलेली संस्था असण्याची अट घातली, तशी ही घालणेही अशक्य नाही.

एक आक्षेप मात्र मला गंभीरपणे घ्यावासा वाटतो. घरकुलाच्या निकालानंतर ‘सही केली तर तुरुंग’ अशी धास्ती बसली, अधिकारी निर्णय टाळू लागले, नगरसेवक ‘तटस्थ’ लिहून घेऊ लागले, आणि कामे खोळंबली, असे दोन्ही शहरांतली जाणती माणसे सांगतात. भीतीने चालणारा कारभार चांगला नसतो. वाईट हेतूने केलेला अपहार आणि चांगल्या हेतूने घेतलेला पण फसलेला निर्णय यांत न्यायालये फरक करतात. पण तो फरक सिद्ध होईपर्यंत दहा-पंधरा वर्षे जातात, हीच शिक्षा वाटते. यावर उपाय कायदा सौम्य करण्यात नाही. सभासदाला निर्णयाच्या वेळी कोणती माहिती दिली होती, त्याने काय विचारले, त्याला काय उत्तर मिळाले, याची जाहीर नोंद असेल तर प्रामाणिक सभासदाला त्याहून मोठे संरक्षण नाही. ज्याने लेखी प्रश्न विचारला आणि ज्याला खोटी माहिती मिळाली, तो अटकेला घाबरणार नाही. आज अशी नोंद नसल्यामुळे हात वर करणारे सगळे एकाच पारड्यात बसतात, समजून करणारा, न समजून करणारा आणि पक्षादेशावरून करणारा. घरकुलाच्या ठरावांना हात वर करणाऱ्यांपैकी किती जणांना आगाऊ रकमेच्या अटी वाचायला मिळाल्या होत्या, हे आज कोणत्या नोंदीवरून सांगता येईल?

नागरिकांचा सहभाग म्हटले की लोक लांबची उदाहरणे देतात. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रेने १९८९ पासून लोकांना अंदाजपत्रकात बसवले, पुण्यात २००६ पासून नागरिकांकडून कामे सुचवून घेतली जातात. ती चांगलीच आहेत. पण त्यांतही सहभागाचा भर कामे सुचवण्यावर आणि ठरवण्यावर, म्हणजे पुन्हा मंजुरीच्या आधीच्याच टप्प्यावर. जळगाव-धुळ्यासारख्या चार-साडेचार लाखांच्या शहरांना त्याहून सोपे आणि जास्त उपयोगाचे काहीतरी हाताशी आहे. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ कोणी अर्ज करण्याची वाट न बघता माहिती स्वतःहून प्रसिद्ध करायला सांगते. २००५ चा कायदा आहे, आता वीस वर्षे झाली. या कलमाखाली स्थायी समितीपुढच्या प्रत्येक विषयाची पूर्ण फाइल, त्यातल्या अटी-शर्तींसह, बैठकीच्या सात दिवस आधी संकेतस्थळावर टाकता येते. चालू असलेल्या प्रत्येक सेवा-मक्त्याची मासिक बिले, वजनाच्या पावत्यांचा गोषवारा, केलेला दंड आणि दिलेली मुदतवाढ दर महिन्याला टाकता येते. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, शासनाची परवानगी लागत नाही, निधीही लागत नाही. लागतो तो महासभेचा एक ठराव.

१५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झाले, त्यांत जळगाव आणि धुळे होते. प्रशासकाची राजवट संपून पुन्हा सभागृह भरले आहे. नव्या नगरसेवकांकडे रस्ता, गटार, पथदिव्याची मागणी लोक करतीलच, केलीच पाहिजे. तिच्याबरोबर आपापल्या प्रभागातल्या सफाईच्या मक्त्याच्या गेल्या महिन्याच्या बिलाची प्रत मागावी. ती पंधरा दिवसांत मिळाली नाही तर कलम ४ चा हवाला देऊन आयुक्तांकडे लेखी मागावी, आणि तिथेही मिळाली नाही तर रीतसर अर्ज करावा. शुल्क दहा रुपये आहे.